मेणाच्या दोन गोळ्या

"थंड ठेवायच्या. दुर्बीण आत जायच्या अर्धा तास आधी मागच्या वाटेनं द्यायच्या, तोंडानं नाही. दुर्बिणीनंतर स्वादुपिंड सुजतं कधीकधी, आणि जास्त सुजलं तर माणूस हाती लागत नाही."

नागपूरच्या डॉक्टरांचे हे शब्द सुभद्रानं पदराला गाठ मारावी तसे जपले. सासूच्या, जयवंताबाईंच्या, पित्ताच्या नळीत खडा अडकला होता. डोळे हळदीसारखे पिवळे. तोंडातून दुर्बीण घालून तो काढायचा होता, आठ दिवसांनी. औषध दुर्मीळ, म्हणून डॉक्टरांनी स्वतःजवळच्या मेणाच्या दोन गोळ्या दिल्या.

त्यांच्या गावी, जैनथला, आळीत कुणाकडं फ्रीज नव्हता. सुभद्रानं डबी माठाखालच्या ओल्या रेतीत पुरली.

"काय ठेवून राह्यली वं?"

"तुमचं औषध, आत्याबाई. मागून द्यायचं."

"मागून द्यायचं, अन् देवाच्या पाण्याखाली? तुया माहेरी सोवळं शिकवलंच नाई काय?"

सुभद्रानं डबी तिथंच राहू दिली. सुभद्रा रोज पूजेनंतर त्या रेतीवर पाणी शिंपडत राहिली.

निघायच्या पहाटे रेतीत डबी नव्हती.

"पिशवीत घातली म्या," सासू म्हणाली.

दवाखान्यात नवरा कागद करायला गेला तेव्हा सुभद्रानं डबी उघडली, तर गोळ्या वितळून आत पातळ तेल.

"त्याच दिवशी गोठ्यात टिनाखाली नेऊन ठेवली म्या," जयवंताबाई शांतपणे म्हणाल्या. "माठाखाली विटाळ ठेवू देईन काय मी?"

वैशाख होता. गोळ्या देणारे डॉक्टर गावाला गेलेले. दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, ताप चढतोय, थांबता येत नाही. खडा निघाला. संध्याकाळी पोट दगडासारखं झालं.

सहाव्या दिवशी नवरा, उत्तमराव, सगळ्या वॉर्डादेखत बोलला, "एक डबी सांभाळता नाई आली तुले. माया मायले मारलं तू."

जयवंताबाई अजून शुद्धीवर होत्या, ऐकत होत्या. डोळे मिटलेलेच ठेवले. तो बाहेर गेल्यावर सुनेचं मनगट धरलं.

"कोणाले सांगू नोको. माया सोवळ्याले बोल लागन. अन् माये तीन सोमवार राह्यले, ते तू कर."

"करीन, आत्याबाई."

"शपथ घे."

सुभद्रानं गळ्यातल्या मण्यांना हात लावला.

तेरावं झालं. पुढच्या सोमवारी नणंद, विमलबाई, ओसरीवर तांदूळ निवडत होती. उत्तमराव बायकोशी बोलत नव्हता.

"मायले मारून आता देवाले पाणी घालून राह्यली," विमलबाई भावाला ऐकू जाईल असं म्हणाली.

सुभद्रानं गळ्यातले मणी चाचपले. तिनं तांब्या माठातून भरला, वर बेलाची पानं ठेवली, आणि महादेवाच्या वाटेला लागली.