काणी मगर आणि मशीनच्या पोटातलं मशीन

एका बंद पडलेल्या ट्रॅव्हल ऑफिसातलं ते दणकट संगणकाचं मशीन घरी आलं, त्या दिवसापासून नेविसचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. वजन इतकं की तीनचाकीवाल्यानं ते उंबऱ्यात टेकवलं आणि विचारलं, "ताई, सिमेंट भरलंय का यात?" नेविस नुसती हसली. बारान्किया शहरातल्या एका क्लिनिकच्या सर्व्हरचं काम ती घरूनच बघायची. या एका मशीनच्या पोटात तिला तीन-चार वेगवेगळी, नुसत्या सॉफ्टवेअरनं बनलेली मशीनं चालवायची होती. एक क्लिनिकच्या कामाचं, एक नवे प्रयोग करून मोडायचं, आणि एक फक्त घरच्या फायली सांभाळणारं. बेत कधीचा शिजत होता. त्याला एकदम उकळी फुटली ती ओतोनिएलमामांमुळे.

मामा म्हणजे 'काणी मगर' या पिकोचे, म्हणजे गल्लीत नाचगाण्यासाठी लावायच्या भल्यामोठ्या स्पीकरसंचाचे मालक. गल्लीत त्यांचे ते पुरुषभर उंचीचे रंगवलेले स्पीकर उभे राहिले की पलीकडच्या वस्तीतल्या खिडक्या थरथरायच्या. पण पिकोची खरी इज्जत आवाजात नसते, ती असते दुसऱ्या कुणाकडेच नसलेल्या गाण्यांत. बंदरावरच्या खलाशांकडून मामांनी तरुणपणी आफ्रिकेतल्या तबकड्या मिळवल्या होत्या आणि गाण्याचं नाव कुणाला कळू नये म्हणून त्यांची लेबलं नखानं खरवडून टाकली होती. पुढे एका पावसाळ्यात नाल्याचं पाणी घरात शिरलं आणि तबकड्या गेल्या. नशीब की त्याआधीच नेविसनं सगळी गाणी संगणकावर उतरवून ठेवली होती. ती साठवणारा चार डिस्कचा एक जुना डबा मामांच्या घरी कपाटामागे चालायचा. इंटरनेटवर ठेवायला मामांची सक्त मनाई. तिथे ठेवलेलं गाणं म्हणजे चौकात वाळत घातलेली चड्डी, असं ते म्हणायचे.

कार्निव्हलच्या आठवड्यात विजेचा दाब अचानक चढला आणि तो डबा धूर सोडून गार पडला. मामा तो चादरीत गुंडाळून नेविसकडे घेऊन आले. शनिवारी गल्लीतल्या स्पर्धेत त्यांची गाठ त्यांचा जुना प्रतिस्पर्धी वादिथ याच्या पिकोशी होती.

"पोरी, खरं काय ते सांग. गेली का गाणी?"

"डबा गेला, मामा. डिस्कचं अजून काही सांगत नाही."

मामा खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत. मामीनं पाठवलेले आरेपा, अंडं भरून तळलेल्या त्या मक्याच्या पुऱ्या, तसेच गार झाले.

नेविसला मात्र भीतीबरोबर उत्साहाच्या उकळ्याही फुटत होत्या. चारही डिस्क तिनं मोठ्या मशीनमध्ये बसवल्या आणि फायली सांभाळणारं मशीन त्याच्या पोटात उभं केलं. आधी सोपा रस्ता धरला: डिस्क मोठ्या मशीनच्या ताब्यात, आणि त्यानं त्या आतल्याला वापरायला द्यायच्या. आतल्या मशीनला चार डिस्क दिसल्या खऱ्या, पण चारही एकाच खोट्या नावाच्या. कोणती तापली, कोणती दुखतेय, काही कळेना. आणि त्यातली एक तर मध्येच गायब होऊन परत यायची. डिस्कवर चुकून काही लिहिलं जायच्या आत नेविसनं सगळं बंद केलं.

मामा म्हणाले, दिसतायत ना, मग बंद कशाला केलंस? तेव्हा तिनं त्यांना समजेल असं सांगितलं. "घरमालकानं खोली भाड्यानं दिली आणि नळाची चावी स्वतःच्या खिशात ठेवली, तर भाडेकरूला टाकीत किती पाणी आहे ते कसं कळणार? मला चावीच भाडेकरूच्या हातात द्यायचीय. डिस्क ज्या कार्डाला लागतात ते अख्खं कार्ड आतल्याचं. मोठ्या मशीननं त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही."

"आणि मालक ऐकेल?"

"ऐकायला लावते."

तिनं कार्ड आतल्या मशीनच्या नावे केलं, ते सुरू केलं, आणि क्षणात तिच्या लॅपटॉपवरचं सगळंच थिजलं. मोठ्या मशीनशी बोलणंच तुटलं. मामांनी डोळे मिटून घेतले. नेमका तेव्हाच दारात वादिथ उभा. हातात बुटिफार्रा सॉसेजची पिशवी, चेहऱ्यावर सहानुभूती, आणि नजर त्या उघड्या पडलेल्या डिस्कवर.

"ऐकलं ते खरं का, ओतोनिएल? मगर काणी होती, आता मुकीपण झाली म्हणे."

"शनिवारी ये," मामा डोळे न उघडताच म्हणाले. "कान धुऊन ये."

वादिथ हसत गेला. नेविसचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. बोलणं तुटलं याचा अर्थ तिच्या ध्यानात येत होता आणि तिचा चेहरा उजळत होता. मशीनला थेट स्क्रीन आणि कीबोर्ड जोडून ते पुन्हा सुरू करून तिनं खात्री केली. कार्ड बसवलं होतं खालच्या खाचेत, आणि ती खाच आणि नेटवर्कचा पोर्ट मशीनच्या मुख्य बोर्डानं एकाच गटात बांधले होते. गटातला एक दिला की दुसराही त्याच्या मागे जाणार. म्हणजे कार्ड हवाली झालं होतं, फक्त जाताना नेटवर्कलाही घेऊन गेलं होतं. वर प्रोसेसरजवळ एक खाच मोकळी होती आणि तिचा गट वेगळा होता.

तिनं मशीन बंद केलं, कार्ड उपसून वर बसवलं, आणि आतल्या मशीनच्या नावे पुन्हा करून दिलं. या वेळी लॅपटॉप थिजला नाही. आतलं मशीन उठलं आणि पडद्यावर चारही डिस्क आपापल्या खऱ्या नावानं, नंबरासकट उभ्या राहिल्या. कोणाचं तापमान किती, कोण किती वर्षं राबली, सगळं समोर. तिसरी डिस्क जवळजवळ मेलेली होती. मघाशी गायब होणारी हीच. पण ही गाणी तिनं अशा बेतानं ठेवली होती की एक डिस्क गेली तरी उरलेल्या तिघी मिळून सगळं सांगू शकतील. तिनं जुना साठा उघडायला सांगितलं. क्षणभर काहीच हललं नाही. मग यादी खाली सरकू लागली, एकामागून एक, आणि ती सरकतच राहिली.

"मामा, कोणतं लावू?"

मामांनी नुसतं बोटानं ठेका धरला, टेबलावर, आणि नेविसला ते गाणं ओळखू आलं. गिटारीची पहिली लकेर घुमली तशी मामी रस्त्याच्या पलीकडून हातात पळी घेऊन धावत आली आणि दारातच नाचू लागली. मामा उठले, तिच्या हातातली पळी काढून त्यांनी टेबलावर ठेवली आणि तिची कंबर धरली.

तिसरीच्या जागी नेविसनं नवी डिस्क बसवली, आणि तिसरीवरचं सगळं बाकीच्या तिघींच्या आधारानं तिच्यावर पुन्हा लिहिलं गेलं. त्यासाठी बराच वेळ लागला, पण मधल्या काळात गाणी वाजतच होती. नेविसनं एक अट मात्र घातली: यापुढे सगळ्याची दुसरी नक्कल शेजारच्या सोलेदाद गावी मामीच्या बहिणीकडे राहील. डिस्क चार असल्या तरी घर एकच आहे, आणि वीज असो की नाला, दोघंही विचारून येत नाहीत. मामांनी कुरकुर केली, गुपित फुटेल म्हणाले. नेविस म्हणाली की नक्कल कुलूपबंद असेल, किल्ली तुमच्या डोक्यात. मग ते कबूल झाले.

शनिवारी काण्या मगरीनं गल्ली हलवली. वादिथचा पिको सुरुवातीला भारी पडला, त्याचे स्पीकर नवे होते. पण मामांनी त्या दिवशी टेबलावर ठेका धरलेलं, खलाशाकडून मिळवलेलं गाणं सोडलं आणि वादिथच्या बाजूची माणसं एकेक करत इकडे येऊ लागली. शेवटी त्यांच्यात वादिथची बायकोही दिसली. मामांनी फक्त आवाज थोडा वाढवला. नेविस स्पीकरच्या मागे उभी राहून घामानं चिंब होईपर्यंत नाचली.

कार्निव्हल संपल्यावर येणाऱ्या राखेच्या बुधवारी वादिथ कपाळावर राखेचा क्रूस घेऊन नेविसच्या दारात आला. बराच वेळ इकडतिकडचं बोलून झाल्यावर त्यानं विचारलं, माझ्या घरीही असं पोटातलं मशीन बसवून देशील का? विजेचं काही खरं नाही.

नेविसनं मामांकडे पाहिलं. मामांनी खूप विचार केल्यासारखं केलं.

"बसवून दे," ते म्हणाले. "पण मीही येणार. तो त्याची गाणी कुठे ठेवतो ते नीट बघितलं पाहिजे ना."

"काही गरज नाही तुझी," वादिथ म्हणाला, पण त्यानं खुर्ची ओढली आणि तो बसला. नेविसनं लगेच विचारायला घेतलं, त्याच्याकडे बोर्ड कोणता आहे आणि त्यावर खाचा किती.