जांभळा समुद्र आणि जवळ्याचे पुडे

दांडी गावच्या एकनाथला कोणी म्हणालं, "काय रे, या वयात कॉमिक वाचतोस?" की त्याचं डोकंच फिरायचं. वाचतो? कोण वाचतो? अंक उघडून आत डोकावण्याचं पाप त्याने जन्मात केलेलं नव्हतं. तो फक्त कव्हरं बघायचा.

आता हे लोकांना समजावून सांगायचं म्हणजे महाकठीण. बोईसरच्या एका कारखान्यात तो बॉयलर सांभाळायचा, सुट्टी मिळाली की रद्दीवाल्यांकडे हिंडायचा आणि ‘कप्तान तडाखा’ नावाच्या कधीच्या काळी बंद पडलेल्या मासिकाचे अंक शोधायचा. सव्वीस अंक काढून ते मासिक बुडालं. कव्हरं काढणाऱ्या चित्रकाराचं नाव कुठेच नव्हतं. कोपऱ्यात सहीच्या जागी एक इवलासा मासा, बस्स. पण कव्हरं काय, अहाहा! कप्तानाचे लाल हातमोजे, समोर मगर, मगरीच्या पोटात विमान आणि या सगळ्या भानगडीच्या मागे समुद्र. जांभळा. कप्तान वाळवंटात उंटावर बसलेला असला तरी लांब कुठेतरी एवढासा जांभळा समुद्र असायचाच. तो जांभळा का, याचं तासभर पुरेल असं उत्तर एकनाथने मनात तयार ठेवलं होतं. पण विचारतंय कोण मेलं!

अंक उघडला की पाठीवर रेघ पडते आणि रेघ पडली की कव्हर मेलं, हा त्याचा कायदा. म्हणून घरातल्या आतल्या खोलीत त्याने दोऱ्या बांधल्या होत्या आणि बोंबील वाळत घालावेत तसे अंक चिमटे लावून ओळीने लटकवले होते, नंबरवार. त्याची बायको जमना बोईसरच्या बाजारात बोंबील, जवळा अशी सुकी मासळी विकायची. लग्नानंतर तिने एकदा विचारलं होतं, "आत काय असते यांच्या?" तेव्हा एकनाथ म्हणाला होता, "आतलं काय कामाचं नाय गं. कव्हराशी मतलब." तिने मान डोलावली आणि विषय संपला.

पंचवीस अंक त्याच्याकडे होते. सव्विसावा, शेवटचा, कुठेच मिळत नव्हता. त्याच्यापायी एकनाथ पार झुरायला लागला होता. दोरीवरच्या शेवटच्या रिकाम्या चिमट्याकडे बघत जेवायचा, ताटात काय वाढलंय याची शुद्ध नाही. आणि अशातच त्याला कळलं की पालघरला भगवंतकाका म्हणून एक गृहस्थ आहेत, त्यांचं भाड्याने पुस्तकं द्यायचं वाचनालय बंद पडलंय आणि ते सगळं वाटून टाकतायत. सव्विसावा अंक त्यांच्या टेबलावर पडलाय!

एकनाथ धावतच गेला. अंक खरंच होता. कव्हरावर कप्तान क्रेनला उलटा टांगलेला, खाली उकळती टाकी आणि मागे तो समुद्र. एकनाथला भरून आलं. त्याने हात पुढे केला, तर काकांनी अंक मागे ओढला.

"वाचणारे का तुम्ही?" काकांनी चष्म्यावरून बघत विचारलं.

"हो... म्हणजे, कव्हरं जमवतो."

काकांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला. "कव्हरवाल्यांना मी काडी देणार नाही. चाळीस वर्षं लोकांना वाचायला दिलं मी, टांगायला नाही! एक प्रश्न विचारतो. सतराव्या अंकात कप्तानाचा डावा हातमोजा नाहीसा होतो. तो कोणी घेतला? रविवारी येऊन सांगा आणि अंक घेऊन जा. नाही सांगता आलं, तर हा मी तालुक्याच्या शाळेला देऊन टाकणार."

आता आली का पंचाईत! शेवटच्या कव्हरासाठी सतराव्याला रेघ पाडायची. एकाला वाचवायला दुसऱ्याचा बळी. घरी आल्यावर त्याने हात धुतले, पुसले, सतरा नंबर चिमट्यातून काढला, डोळे मिटले आणि उघडला.

आत विजेचं बिल होतं.

बिलाखाली वर्तमानपत्राची घडी, तिच्याखाली कुणाच्या तरी हळदीची पत्रिका. एकनाथने अठरावा उघडला. त्यात गेल्या वर्षीचं कॅलेंडर. पंचविसाव्यात केबलवाल्याच्या जाहिराती. कव्हरांच्या आतल्या बाजूला काहीबाही छापलेलं होतं, पण तिकडे बघायला त्याला डोळे कुठे होते? त्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"जमनाऽऽ! आतलं कुठे गेलं?"

जमना चुलीपाशी बसली होती. ती जराही दचकली नाही. "पुड्यांना वापरलं."

"कसल्या पुड्यांना?"

"जवळ्याच्या. पेपर मेला कापत बसायला लागते. या पानाचा पुडा कसा बरोब्बर मापाचा होते. गेल्या साली एकेक अंक नेला, पहिल्यापासून लायनीने."

"अगं पण... माझे अंक!"

"तुमीच बोल्लेलं ना, आतलं काय कामाचं नाय? कव्हरं चकचकीत, ती पुड्याला चालत नाय, ती ठेवली. पोकळ दिसू नये म्हणून आत कागद बी भरले. आणि बघा, रेघ हाय का कुठे? पिना सुरीच्या टोकानं काढल्या नि परत लावल्या. बोंबलाचा काटा काढतेय मी लहानपणापासून!"

एकनाथने पंचवीसच्या पंचवीस कव्हरं उजेडात धरून पाहिली. रेघ सोडा, सुरकुती नव्हती. भांडायचं तरी कशावरून? तो मटकन खाली बसला आणि हातमोज्याची सगळी हकिकत त्याने बायकोला सांगितली. शेवटी म्हणाला, "आता कोण सांगणार मला, मोजा कोणी नेला ते? संपलं सगळं."

"कोण म्हंजे? अख्खा बाजार सांगल की!" जमना म्हणाली.

आणि दुसऱ्या दिवशी बाजारात जे निघालं ते ऐकून एकनाथ चाट पडला. वर्षभर गिऱ्हाइकांनी जवळा डब्यात ओतला होता आणि पुडा सोडून पान वाचलं होतं. मग पुढचं पान कुणाकडे गेलं याचा शोध सुरू झाला. मग अदलाबदल. जमनाच्या शेजारी भाजी विकणारी भागी पानं इस्त्री करून घ्यायची. लल्लन वेल्डर परप्रांतातून आलेला, तो या पुड्यांवर मराठी वाचायला शिकला होता आणि आता ‘अरे नराधमा’ असं बोलून रिक्षावाल्यांशी घासाघीस करायचा. पण पंचविसाव्या अंकात कप्तान क्रेनला टांगला गेला, पानं संपली, जमना पिशव्यांवर आली आणि तेव्हापासून बाजाराच्या जिवाला घोर लागला होता.

एकनाथने हातमोज्याचं विचारायचा अवकाश, सगळे एकदम तुटून पडले.

"मगरीनं खाल्ला! माझ्याकडं पान हाय, तिचं पोट बघा!" भागी म्हणाली.

"काय बी मत बोला," लल्लन उसळला. "डॉक्टर फुत्कारने चोरी केला. नराधम आहे तो!"

बँकेतल्या स्वातीचं म्हणणं, कप्तानाला हातमोजा मुळात एकच होता. पुरावे आणा, पानं आणा, कोणी कोणाला ऐकेना. एवढं मात्र सगळ्यांनी कबूल केलं की दर अंकाचा शेवट मध्येच तुटतो, एक पान कमी असल्यासारखा. आता पान गेलं कुठे? सगळ्यांनी जमनाकडे संशयाने पाहिलं. ती म्हणाली, "माझ्या आईच्यान, होती नव्हती तेवढी दिली."

निकाल काही लागेना. रविवारी मासळीचा टेंपो करून सगळेच पालघरला निघाले. भगवंतकाकांनी दार उघडलं तर समोर एक डझन माणसं, प्रत्येकाच्या हातात एकेक पिवळं पडलेलं पान आणि जवळ्याचा असा भपकारा की शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या.

"मगर!" भागी उंबऱ्यातूनच ओरडली.

"फुत्कार!" लल्लन म्हणाला.

आणि जुंपली. काका आधी भांबावले. मग हळूहळू त्यांचे गाल लाल झाले, चष्मा घसरला, ते खुर्चीवर चढले आणि म्हणाले, "थांबा! मगर बाराव्या अंकात मेली, भागीबाई! मेलेली मगर हातमोजा कसा खाईल?" चाळीस वर्षं पुस्तकं दिली होती त्यांनी, पण परत करताना कोणी एक अक्षर बोललं नव्हतं. बिचारे दुपारभर भांडले. दोनदा चहा झाला. शेवटी डोळे पुसत त्यांनी अंक उचलला. एकनाथने हात पुढे केला. काकांनी अंक जमनाच्या हातात ठेवला.

"माझं वाचनालय बंद पडलं, तुमचं जोरात चाललंय. हा तुम्हाला."

"आणि हातमोजा?" एकनाथ काकुळतीला आला. "मोज्याचं तरी सांगा."

काका मिस्कील हसले. "ते तुमच्याच घरात आहे. कव्हरवाल्याला म्हणूनच विचारलं होतं."

घरी आल्यावर जमनाने सुरीच्या टोकाने पिना काढल्या. "हे कव्हर तुमचं. आतलं माझं. नेहमीसारखं."

"बघू जरा आत काय आहे," एकनाथ म्हणाला. म्हटल्यावर त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"ते आता गिऱ्हाइकाचं हाय. लायनीत या."

बाजारच्या दिवशी सकाळी एकनाथ पिशवी घेऊन बायकोच्या रांगेत उभा राहिला. सव्विसावं कव्हर त्याने प्लास्टिकमध्ये घालून शर्टाच्या आत छातीशी धरलं होतं. घरी एकटं ठेवायला त्याचं मन होईना. रांग गटारापर्यंत गेली होती, पण पुढे सरकेना. कारण शेवटचं पान शेवटच्या गिऱ्हाइकाला मिळणार, हे एव्हाना प्रत्येकाच्या डोक्यात शिरलं होतं.

"तुमी व्हा म्होरं," भागी म्हणाली.

"नाही नाही, आधी तुम्ही," स्वाती म्हणाली.

"अरे नराधमांनो, चला ना!" लल्लन मागून म्हणाला, पण स्वतः दोन पावलं आणखी मागे सरला. रांग उलटी चालायला लागली. मागचा माणूस गटारात पडला. तराजू हातात धरून जमना बसलेली, समोर जवळ्याचा ढीग आणि एक गिऱ्हाईक पुढे येईना. तिचा पारा चढला. "घेयाचं तर घ्या, नायतर आत्ताच्या आत्ता ही पानं चुलीत घालते!"

तेव्हा एकनाथ पुढे झाला. "मला दे. पहिलं."

तिने पान घेतलं, गोल वळवलं, टोक मुडपलं आणि जवळा भरला. एकनाथने पुडा पिशवीत उलटा केला, पान मांडीवर सरळ केलं आणि जन्मात पहिल्यांदा कॉमिक वाचलं. मोठ्याने, अडखळत, ‘धडाम’ आणि ‘खळ्ळ’सकट. त्याचं संपलं तशी भागी पुढे आली, तिने पुडा घेतला आणि लल्लनला वाचायला लावला. मग एकामागून एक. दोरी तुटत आली. टाकीतून वाफा निघाल्या. कप्तानाचा एक हात सुटला. शेवटच्या पानाच्या तळाशी कप्तान किंचाळत होता, "क्रेन चालवतंय कोण?" आणि खाली, आधीच्या एकाही अंकात नव्हतं ते, बारीक अक्षरांत होतं: ‘शेवट कव्हराच्या आतल्या बाजूस’.

सगळ्यांच्या माना हळूहळू एकनाथकडे वळल्या.

त्याने छातीवर दोन्ही हात दाबले. ज्याला त्याने उन्हाची तिरीपसुद्धा लागू दिली नव्हती ते कव्हर, आणि समोर जवळ्याने माखलेले हे एवढे हात! त्याने जमनाकडे पाहिलं. एकनाथने प्लास्टिक काढलं, कव्हर तिच्या फळीवर जवळ्यातच सपाट पसरलं आणि उलटं केलं.

क्रेन एक बाई चालवत होती. साडी खोचलेली, कपाळावर घाम. "उतरा आता खाली," ती म्हणत होती, "भात निवतोय."

"कप्तानाला बायको होती?" भागी किंचाळली.

होती तर! दर अंकात, दर वेळी शेवटच्याच पानावर, कव्हराच्या आत. एकनाथच्या घरात ती इतकी वर्षं दोरीला टांगलेली होती.

संध्याकाळी सगळी वरात दांडीला आली. एकनाथने बिलं, पत्रिका, कॅलेंडरं काढून टाकली आणि सव्वीसही कव्हरं उलगडून, आतली बाजू पुढे करून दोरीवर लावली. सतराव्यावर कप्तानाची बायको कपडे वाळत घालत होती. बनियनच्या शेजारी लाल हातमोजा, धुतलेला. "मगर म्हणे!" असं लल्लन भागीला तीनदा म्हणाला. लोक दाटीवाटीने उभे राहून वाचायला लागले. बाहेरच्या चित्रांच्या बाजूला कोणी फिरकलंसुद्धा नाही.

तिकडे, दोऱ्या आणि भिंत यांच्यामधल्या बोळात, एकनाथ एकटाच उभा होता. सव्विसाव्या कव्हरावर जमनाच्या अंगठ्याचा तेलकट ठसा उमटला होता, नेमका समुद्रात. वाईट वाटलं त्याला, खोटं कशाला बोला.

दोऱ्यांखालून वाकून जमना आत आली. पदराने हात पुसत ती कव्हरासमोर उभी राहिली आणि बराच वेळ बघत राहिली.

"काय ओ," ती म्हणाली, "हा दर्या जांभळा कशाला केलाय?"

एकनाथने सुरुवात केली. पहिल्या अंकापासून, त्या इवल्याशा माशापासून, हात हलवून, रंग दाखवून. जमना भिंतीला टेकून ऐकत होती, मध्येच "बरं, मंग?" म्हणत होती.

"हळू बोल रं एकनाथभाव," पलीकडून भागी ओरडली, "आमी वाचतंय ना!"

एकनाथने आवाज खाली केला, पण थांबला नाही.