एका हाताचं बक्कल

मालेगावात हारुनभाईंचं नायलॉनचे पट्टे शिवून देण्याचं छोटं दुकान आहे. देवळ्याची तेजल सासूबाईंच्या चाकाच्या खुर्चीला पट्टा करून घ्यायला तिथे आली, तेव्हा सासूबाई, चतुराबाई, बाहेर रिक्षात बसून होत्या. अर्धांगवायूने त्यांचा डावा हात आणि पाय लुळा पडला होता. महिन्याभरात त्या खुर्चीतून उठू पाहताना दोनदा पडल्या; दुसऱ्यांदा कपाळाला चार टाके पडले.

तेजलने हारुनभाईंना सांगितलं, की सासूबाईंना सोडता येणार नाही असं बक्कल द्या, आणि ते खुर्चीच्या पाठीमागे लावा. हारुनभाईंनी लोखंडी हूक, दातांत पट्टा आवळणारं बक्कल आणि चिमटीत दोन बाजूंनी दाबून सुटणारं प्लास्टिकचं बक्कल असं सगळं समोर मांडलं. हूक पक्का होता. तेजलने तोच उचलला.

"पण त्या उठतात कशाला?" हारुनभाईंनी विचारलं.

तेजलने ते कधी विचारलंच नव्हतं.

हारुनभाई तिन्ही वस्तू घेऊन रिक्षापाशी गेले आणि चतुराबाईंच्या मांडीवर ठेवल्या. चतुराबाईंनी उजव्या हाताने एकेक चाचपून पाहिली. हूक बाजूला सारला.

"दोन्ही वेळा मोरीकडे जायला उठले व्हते," त्या तेजलकडे न बघता म्हणाल्या. "तू शेतात व्हतीस. हाक कोणाला मारू? बांधायचं तर बांध, पण सोडायचं माझ्या हाती राहू दे."

"आई, पुन्हा पडाल तुम्ही."

"पडेन."

तेजलने प्लास्टिकचं बक्कल निवडलं. त्याचा एक भाग खुर्चीच्या उजव्या दांड्याला पक्का शिवायचा, म्हणजे दुसरा एका हातानेही बसवता येईल, असं हारुनभाईंनी सुचवलं आणि तासाभरात तसं करूनही दिलं.

त्याच आठवड्यात तेजलने मोरीपर्यंतच्या भिंतीला धरायला पाइप बसवून घेतला. शेतातून दुपारी एकदा घरी यायची सवय लावून घेतली. चतुराबाई त्यानंतर एकदा घसरल्या, पण पाइप धरलेला होता, म्हणून गुडघ्यावर निभावलं.

अजूनही स्वयंपाकघरात असताना बक्कल सुटल्याचा आवाज आला की तेजलचा हात पोळीवर थांबतो. ती धावत जात नाही. मोरीचं दार लागेपर्यंत कान देऊन उभी राहते.