पाणकराचं माप

"अकराशे!" रुखमाबाईंनी काचेचं मापाचं भांडं डोळ्यांसमोर धरून पुन्हा पाहिलं. "लहानूभाऊ, काल तीनशे होती. एका दिवसात तलाव फुटला का?"

खाटेवरचा लहानू हसला नाही. पहिली शंका त्यांना तिथेच आली. पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं असतानाही हा माणूस हसायचा.

तालुक्याच्या दवाखान्यात रुखमाबाई सतरा वर्षं आया होत्या. रोज सकाळी बाटल्यांतली लघवी मोजायची, आकडा तक्त्यावर लिहायचा, बाटल्या धुवायच्या. रंग कोणी विचारत नसे, पण तोही त्यांच्या लक्षात राहायचा. लहानूची लघवी कोऱ्या चहासारखी असे. आजची तणसासारखी फिकी होती.

त्यांनी टेप आणली. पोटाचा घेर अठ्ठ्याण्णव, कालइतकाच. त्याला काट्यावर उभं केलं. वजनही तेच. मग हे लिटरभर पाणी आलं कुठून?

परवाच त्यांनी डॉक्टरांना विचारलं होतं, "पोटात एवढं पाणी, मंग लघवीले काऊन नाई?"

तरुण डॉक्टर राउंड सोडून थांबले होते. "जुन्या काविळीनं लिव्हर दगडासारखं झालंय. पाणी पोटात झिरपतं आणि किडनीला पुरेसं रक्त मिळत नाही. वर्ष-वर्ष असं चाललं की किडनीही झिजते."

"म्हंजे तलाव भरलेला अन् शेवटची धानाची बांधी कोरडी."

"अगदी तसंच. चंद्रपूरचा रक्ताचा रिपोर्ट किडनी चांगली म्हणतो. पण याच्या अंगावर मांसच उरलं नाही, म्हणून तो आकडा फसवा. माझा भरवसा तुमच्या बाटलीवर. लघवी वाढली तर पाणी उतरवायच्या गोळ्या वाढवून घरी पाठवीन. नाही वाढली, तर त्याच गोळ्या किडनी बंद पाडतील."

लहानूने त्यातलं 'घरी' तेवढं ऐकलं होतं. तो गावाचा पाणकर. बावीस वर्षं तलावाचं पाणी पाळीपाळीने प्रत्येकाच्या बांधीत, भाताच्या खाचरात, सोडत आलेला. धान निसवून लोंब्या बाहेर पडल्या होत्या आणि शेवटचं पाणी याच आठवड्यात सुटायचं होतं.

बाजूच्या खाटेवर प्लास्टरमधला पाय टांगून मुखरू छताकडे बघत होता. त्याची बाटली कोरडी होती.

"मुखरू, तुही बाटली काऊन रिकामी?"

"वाटली बाई. मले जास्त होती, त्याले कमी होती."

रुखमाबाईंना हसू येता येता राहिलं. त्या लहानूजवळ स्टुलावर बसल्या.

"लहानूभाऊ, इतक्या वर्षांत कोणाले बोटभर पाणी जास्त देल्लं?"

"नाई."

"कोणी चोरून पाट फोडला तं?"

"मी बुजवला. एकडाव सख्ख्या भावाचा बुजवला."

"मंग आता दुसऱ्याच्या बांधीतलं पाणी काऊन चोरून राह्यला? डॉक्टर गोळ्या वाढवतीन. अन् मंग ते तीनशेबी बंद होईन."

लहानूने पोटावर हात ठेवला. "मले पाणी सोडाले जा लागते, बाई. इथी राहून तरी मी वाचन का?"

तक्त्यावर अकराशे अजून लिहिलेलं नव्हतं. रुखमाबाईंनी भांडं मोरीत ओतलं आणि डॉक्टरांकडे जाऊन सगळं सांगितलं.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा पुसला. "गोळ्या आजपासून बंद. उद्या खरं माप बघू. वाढलं नाही, तर माझ्याकडे दुसरं काही नाही. मग जाऊ द्या त्याला घरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी लहानूची बायको सीता आली होती. आपल्या जागी पाणी सोडायला तो तिच्याकडून बोटांवर पाळ्या पाठ करून घेत होता.

"पयले खुशालची बांधी, मंग धुरपताची. खालच्या अंगाची श्रीहरीची विसरू नोको, ते कोणीबी विसरते."

"बाईमाणसाचं ऐकतीन का लोकं?"

"पाणी ऐकते ना. तू पाट धरून राय."

रुखमाबाई बाटली घ्यायला वाकल्या. बाटलीवर, आतल्या गडद लघवीच्या पातळीला लागून बरोबर वर, चिकटपट्टीचा तुकडा सरळ लावलेला होता.

"मीच लावला," लहानू म्हणाला. "त्याच्यावर एक थेंब नाई. मुखरूले हातबी लावू नाई देल्ला."

"खरं हाये," मुखरू म्हणाला. "मी देत होतो."

तळाशी फार तर अडीचशे असेल. रुखमाबाईंनी ती बाटली दोन्ही हातांनी उचलली आणि काठोकाठ भरलेली घागर न्यावी तशी, हळूहळू, डॉक्टरांच्या टेबलाकडे नेली.