पहिल्या मानाचा डोह

वजीर पाण्यात बसला. आधी पुढचे पाय दुमडले, मग मागचे, आणि मग निवांत डोळे मिटून तो असा बसला की आता हैदराबादेहून हुकूम आला तरी उठणार नाही.

बब्रुवाननं त्याची शेपटी पिरगाळली. "ऊठ की बाबा. सरकारी काम हाय."

"सरकारी म्हणालास म्हणूनच बसलाय त्यो," काठावरनं चन्नबसप्पा म्हणाला.

काठावर बसलेलं अख्खं गाव हसलं. जोडीदार सुलतान मात्र उभाच होता, कारण एकाच जुवाखाली दोघं बसले तर कसं दिसेल, एवढी अक्कल त्याला होती. दोघं देवणी जातीचे, पांढरेशुभ्र, नि तेरणा नदीच्या त्या काठाला त्यांच्याइतकी ओढायची ताकद दुसऱ्या कुठल्या जोडीला नव्हती. नावं बब्रुवाननं हौसेनं ठेवलेली. पण निजामाच्या मुलखात वजीराच्या पाठीवर चाबूक ओढायचा म्हणजे आधी इकडंतिकडं बघावं लागायचं, कुणी पोलीस ऐकत तर नाही ना.

बैलांच्या मागं दोन साखळ्या, नि साखळ्यांच्या टोकाला ते. माणसाच्या कमरेएवढी जाड लोखंडी लाट, गोल ओंडक्यासारखी, तिला अंगभर हातभर लांबीचे खिळे. लढाईचे दिवस, नांगराला फाळ मिळायची मारामार, आणि सरकारनं एवढं लोखंड चिखलात घालायला धाडलेलं. हैदराबादेहून निघताना त्याला म्हणे लांबलचक फारसी नाव होतं. येडशीच्या स्टेशनावर उतरेपर्यंत त्यातलं निम्मं गळालं, उरलेलं गाडीवाटेच्या खाचखळग्यांत सांडलं, आणि गावात पोचलं तेव्हा त्याचं नुसतं साळिंदर झालं होतं. नदीच्या तळाशी ते ओढत न्यायचं की गाळ निघतो, एवढं गावाला कळलं होतं. गाव तेवढ्यावर खूश होतं.

बब्रुवानचा जीव मात्र टांगणीला होता. त्याची केळीची बाग या डोहावर. मागच्या उन्हाळ्यात डोहाच्या काठावरनं मोट सोडली तर ती बुडायच्या ऐवजी बसायची. वर यायचा तो चिखल. निम्मी बाग उभ्या उभ्या वाळली. यंदा डोह मोकळा झाला नाही तर उरलेली निम्मीही जाणार, हे त्याच्या बायकोनं, मथुराबाईनं, त्याला रोज जेवायला वाढताना सांगितलं होतं. अन्न गोड लागावं म्हणून नव्हे.

साळिंदर आधी कुणाच्या डोहात उतरवायचं, यावर चावडीत केवढा कल्ला झाला. वरच्या अंगाला चन्नबसप्पाचा डोह, त्याच्या खाली बब्रुवानचा, मधी दोन शेतांची नदी. बब्रुवाननं मांडीवर थाप मारून सांगितलं, "बैलं माजी. पोळ्याला पहिला मान कुणाचा? माज्या बैलांचा. मग हितं बी पहिला मान माजाच."

चन्नबसप्पा त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. दोघांनी एकाच बाभळीवरनं पडून एकच हात मोडून घेतलेला, म्हणजे दोघांचाही डावा.  चन्नबसप्पानं उठून आपला पटका सारखा केला आणि म्हणाला, "घे. तुजा मान. म्या मागनं करीन."

 मान असा कुणी सोडलेला गावानं बघितला नव्हता. बब्रुवानच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच सांजेला त्यानं केळीचा सगळ्यात मोठा घड स्वतःच्या खांद्यावरनं चन्नबसप्पाच्या घरी पोचवला.

तर वजीर उठला. म्हणजे त्याच्या कानात चन्नबसप्पानं कायतरी सांगितलं आणि तो उठला; काय सांगितलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. साळिंदर डोहात फिरू लागलं. पहिल्याच फेऱ्यात देवळाचे पुजारी, जे नेमके तेव्हाच खालच्या पायरीवर अंघोळीला उतरले होते, त्यांचं वाळत घातलेलं धोतर खिळ्यात अडकलं आणि लाटेभोवती गुंडाळत गेलं. पुजारी गळ्यापर्यंत पाण्यात बसून मंत्र म्हणत राहिले. बाहेर निघायची सोय नव्हती. दुपारी कुणीतरी घोंगडं दिलं.

पण डोह मोकळा झाला, यात शंका नाही. आदल्या सकाळी बैलाच्या पोटाला लागणारं पाणी दुसऱ्या दिवशी माणसाच्या डोक्यावरनं गेलं. मोट सोडली की गपकन बुडायची. मथुराबाईनं त्या दिवशी जेवताना बागेचं नावही काढलं नाही.

मग बब्रुवाननं बैलं वर नेली आणि चन्नबसप्पाच्या डोहात घातली. दोस्तानं मान सोडला, तर आपण काय सोडायचं? त्यानं जीव तोडून काम केलं. साळिंदराबरोबर आलेला सरकारी मिस्त्री चाँदपाशा "बस हुआ, बस हुआ" म्हणत राहिला आणि बब्रुवान मैत्रीखातर आणखी वेढे मारत राहिला. तळ असा ढवळून काढला की बेडकांनी गाव सोडलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मथुराबाई बांधावरनं ओरडली नाही, नुसती म्हणाली, "अवो, जरा हिकडं या."

मोट पाण्यावर बसली होती. डोहाचं पाणी दूध जास्त झालेल्या चहासारखं, आणि काठी घातली तर कोपरापर्यंतच जात होती. आधीपेक्षा कमी.

चाँदपाशा खळ्यावर साखळीला तेल लावत होता. बब्रुवाननं साळिंदराभोवती एक चक्कर मारली. वाकून खालनं बघितलं, लाटेवर कान लावून ठोकून बघितलं.

"क्या ढूंड रै पटेल?"

"गाळ. एवढा गाळ खाल्ला ह्यानं. ठेवलाय कुठं?"

चाँदपाशानं तेलाचं फडकं बाजूला ठेवलं. "ये खाता नै जी. निकालता बी नै. बस छेडता. नीचे का कीचड उठाता, और लेके जाती सो नदी."

"कुठं नेती?"

चाँदपाशानं नदी वाहत होती त्या बाजूला नुसतं बोट केलं. वरनं चन्नबसप्पाचा डोह, मग दोन शेतं, मग बब्रुवानचा डोह.

"म्हंजे वरचा आधी करायचा असतोय?"

"हमेशा. ऊपरसे नीचे. मैं तो पैलेच दिन बोला था."

"कुणाला बोलला?"

चाँदपाशा भला माणूस होता. कुठं काय झालंय हे त्याच्या ध्यानात आलं आणि तो परत साखळीला तेल लावू लागला. पण त्याची नजर आपोआप वरच्या मळ्याकडं गेली, आणि तेवढं पुरे होतं.

चन्नबसप्पा पाटाच्या कडेला बसून पानमळ्याला पाणी देत होता. पाणी चांगलंच होतं.

"तुला ठावं होतं," बब्रुवान म्हणाला.

चन्नबसप्पानं खोऱ्यानं एका वाफ्याचं बारं मोडलं, दुसऱ्याचं धरलं, आणि मग म्हणाला, "व्हय."

"चावडीत का न्हाय बोललास?"

"बोललो असतो, तर तू काय केलं असतंस? आपला डोह करून घेतला असतास आन् बैलं घरी नेली असतीस. माज्या डोहाचा गाळ तुज्या अंगावर यायचा, ठावं असताना तू वजीराला माज्या पाण्यात घातलं असतंस?"

बब्रुवाननं याचं उत्तर प्रामाणिकपणानं शोधलं. सापडलं नाही, म्हणून त्याला जास्तच राग आला.

"माजा घड खाल्लास."

"खाल्ला की. गोड होता," चन्नबसप्पा म्हणाला, आणि त्याची मान खाली गेली. "आरं बब्रू, मान तू मागितलास. म्या नुसता दिला."

बब्रुवान मागं फिरला. वाटेत ती बाभळ लागली. तिच्याकडं न बघता तो पुढं गेला.

दुसऱ्या दिवशी त्यानं चाँदपाशाला गाठलं. साळिंदराला आता बब्रुवानच्या डोहाच्या खालच्या अंगाला, खालच्या वाडीत, शांतलिंगच्या डोहात जायचं होतं. तिथनं परत स्टेशनावर. आणि ओढायला बैलं त्याचीच. बब्रुवाननं सरळ सांगितलं, "बैलं देतो. पर माजा डोह पुन्यांदा करायचा."

चाँदपाशानं मान डोलावली. "कर देंगे. पैले उसका, कि पैले तुम्हारा?"

एवढं विचारेपर्यंत शांतलिंग स्वतःच आला. डोक्याला जरीचा पटका, हातात नारळ, मागं वाडीतली चार माणसं. त्या डोहाच्या पाण्यावर अर्धी वाडी जगत होती. साळिंदराला हळदकुंकू लावून तो म्हणाला, "बब्रुवानराव, आमच्या वाडीचा पहिला मान आसतोय बगा. तुमच्या डोहाचं मागनं करा."

बब्रुवाननं त्याच्याकडं बघितलं. रात्रभर त्यानं ठरवलं होतं की आपण काही झालं तरी चन्नबसप्पा व्हायचं नाही.

"तुमी मागनं घ्या," तो म्हणाला. "मागनं चांगलं आसतंय."

शांतलिंगचे डोळे बारीक झाले. मागच्या चौघांनी एकमेकांकडं बघितलं.

"व्हय का?" शांतलिंग म्हणाला. "तुमच्या डोहाला पहिला मान झाला, तवा मागनं चांगलं नव्हतं. आता आमची पाळी आली की लगेच चांगलं झालं."

"तसं न्हवं."

"मग कसं?"

बब्रुवाननं तोंड उघडलं. खरं कारण जिभेवर होतं. ते सांगितलं तर वरचा गाळ आपल्याच अंगावर येणार हे कळून वाडीतली माणसं बब्रुवानच्या डोहात साळिंदर कधीच उतरू देणार नव्हती, काठ्या घेऊन उभी राहिली असती. आणि बाग उन्हाळ्यापर्यंत थांबणार नव्हती. चाँदपाशा खाली मान घालून साखळीची कडी तपासत होता. ती कडी त्यानं सकाळपासून बरेचदा तपासली होती.

"कसं म्हंजे," बब्रुवान म्हणाला, "आपलं म्हनलं."

"राहू द्या मग," शांतलिंग हसला. "मानाचं बगून कुणाचं बी पोट दुखतंय. म्या राग न्हाय धरत."

त्यानं नारळ फोडला. पहिला तुकडा साळिंदरापुढं ठेवला, दुसरा बब्रुवानच्या हातावर. बब्रुवाननं वजीर आणि सुलतानला जू चढवलं, मानेखालची जोती आवळली, आणि खालच्या वाडीच्या वाटेला लागला. खोबरं त्यानं वाटेतच तोंडात टाकलं. चांगलं ओलं होतं.