रेषेच्या वर

बसवकल्याणहून पहाटेच्या बसने कलबुर्गीला निघालो, तेव्हा शिवलीलापेक्षा मीच जास्त उतावीळ होते. आज कळणार होतं.

माझ्या या धाकट्या बहिणीला ऐन तारुण्यात गुदाशयाचा कॅन्सर निघाला. किरण देताना अंडाशय जळाले, की पाळी कायमची बंद, हाडं ठिसूळ, सगळं म्हातारपण एकदम. म्हणून कलबुर्गीच्या डॉक्टर जयंतींनी आधी दुर्बिणीने ऑपरेशन केलं. दोन्ही अंडाशय किरणांच्या वाटेतून उचलून वर टाके घालून बसवले आणि जागा दिसावी म्हणून धातूच्या बारीक क्लिपा लावल्या. कधीकधी ते पुन्हा खाली घसरतात. आजच्या स्कॅनमध्ये तसं दिसलं, तर सगळं पाण्यात.

शिवलीला काचेपलीकडे यंत्रात होती. पडद्यावर उजवी क्लिप दिसली, चांगली वर. मी टाळीच वाजवणार होते. डावीकडे मात्र नुसता पांढरा भडका.

"हिच्या अंगावर काही आहे का?" डॉक्टरांनी विचारलं.

मी सोबत आलेल्या आईकडे पाहिलं. ती पदराशी चाळा करत होती.

"अव्वा, लिंग कुठाय?"

आम्हा लिंगायतांत गळ्यातलं इष्टलिंग अंगावेगळं करत नाहीत. स्कॅनमध्ये धातू नको, म्हणून त्याची चांदीची डबी काढून ते दंडाला बांधायचं ठरलं होतं.

"पोटावर बांधलंय. डबीसकट," अव्वा म्हणाली. "आतलं खाली घसरू नये म्हणून."

"देवाला टेकू म्हणून बसवायलीस व्हय?" मी खेकसले.

"मग? टाका सुटला तर तू धरणारेस?"

डॉक्टरांनी डबी अव्वाकडे दिली. लिंग शिवलीलाच्या तळहातावर ठेवू दिलं, पूजेला धरतात तसं. हात डोक्याच्या वर घेऊन ती पडली आणि स्कॅन पुन्हा सुरू झालं.

भडका गेला. डावीकडे बारीक ठिपका उमटला. डॉक्टरांनी किरणांच्या हद्दीची रेष ओढली. दोन्ही ठिपके तिच्या चांगलेच वर होते.

"जागचे हललेले नाहीत," त्या म्हणाल्या.

मी काचेतून शिवलीलाला दोन बोटं वर करून दाखवली. ती पडल्या पडल्या हसायला लागली. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

पुढच्या सोमवारी किरण सुरू झाले. आत जाण्याआधी अव्वाने स्वतःच डबी काढून घेतली आणि लिंग फडक्यात गुंडाळून शिवलीलाच्या दंडाला बांधलं.

"पोटावर न्हाई बांधत?" मी चिडवलं.

"कामून?" अव्वा म्हणाली. "डॉक्टरबाईंनी धरलंय की."