साकेतच्या खिशातला 'र'

मी 'र' बोलतोय. काडेपेटीच्या अर्ध्याएवढा सागाचा ठोकळा आणि त्यावर तापलेल्या खिळ्याने डागलेलं एक अक्षर, एवढाच माझा देह. मी सूड घेतला आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना कुणी मला 'बिचारा' म्हणणार नाही.

माझा जन्म नेरला, गोपालमामांच्या सुतारकामाच्या दुकानात झाला. कुणाच्या तरी नव्या घराच्या दाराची चौकट घडवून झाल्यावर एक पट्टी उरली होती. मामांनी तिचे सारखे तेहतीस तुकडे केले. करवत झाली, मग पॉलिश पेपर झाला, आणि शेवटी शेगडीतला लालबुंद खिळा. तो अंगावर फिरला तेव्हा मी ओरडलो नाही. धूर मात्र भरपूर केला.

मामांनी आम्हाला एका लाकडी डब्यात भरून भाचीच्या हातात ठेवलं.

"हे घे अर्पिता. मोबाईल मांगत होतीस ना? हा माया मोबाईल. याले चार्जिंग लागत नाही, अन् रेंजही जात नाही."

अर्पिता नुसती हसली. ती नववीत आहे. हजेरी देतानासुद्धा तिचा 'हजर सर' पुढच्या बाकापर्यंत जेमतेम पोचतो. पण डब्यात हात घातला की तिची बोटं धीट होत. रोज संध्याकाळी ती आम्हाला खाटेवर ओळीने मांडून मोजायची. तेहतीस भरले की झाकण लावायची.

आमचा खेळ सोपा वाटतो. तीन अक्षरांचा एक शब्द मांडायचा, दुसरा पाटीवर लिहायचा. एका वेळी एकच अक्षर उचलायचं, त्याच जागी दुसरं ठेवायचं, आणि दर वेळी खरा शब्द झाला पाहिजे. काना-मात्रा नाही, जोडाक्षर नाही. आम्ही एकेकच असल्यामुळे एका शब्दात तेच अक्षर दोनदाही चालत नाही. उदाहरणार्थ 'नगर'पासून 'गजर'पर्यंत जायचं. नगर, नजर, गजर. झालं.

लांबची वाट असली की माणसं चुकतात. 'शहर'पासून 'कमळ' गाठायला सांगा. बहुतेक जण शहर, लहर, जहर, कहर असे पहिलंच अक्षर बदलत बसतात. दमतात, पण असतात तिथेच. अर्पिता तसं करत नसे. ती आधी पाटीवरच्या शेवटच्या शब्दाकडे बघे आणि तिकडून एक पाऊल मागे येई. कमळच्या मागे कमर. मग इकडून एक पाऊल पुढे, शहरहून कहर. आता कहर आणि कमर यांत एकाच अक्षराचं अंतर उरलं. दोन्ही टोकांकडून चालत आलं की मधली नदी अरुंद होते.

आणि अडली की ती आधी मला हाक मारायची. मी मधल्या जागी बसलो की दोन्हीकडचे शेजारी लगेच जुळवून घेतात. मरण, चरण, सरळ, गरम, फरक. एवढं काम दुसऱ्या कुणाला जमत नाही. मला गर्व होता, हे कबूल करतो.

ती डबा शाळेत नेऊ लागली आणि वर्गाला खेळाचं वेड लागलं. मराठीच्या राठोड सरांनी त्याला नियम घातले. डबा बंद ठेवायचा. सोडवणाऱ्याने हवं ते अक्षर तोंडाने मागायचं, डबा सांभाळणाऱ्याने ते काढून द्यायचं. डब्यात नसलेलं अक्षर मागितलं की डाव गेला. समोरच्याला कोडं सुटलं नाही, तर घालणाऱ्याने ते स्वतः मांडून दाखवायचं. दाखवता आलं नाही, तर तो हरला. डबा सांभाळायची ती वैष्णवी, अर्पिताची मैत्रीण. तिची जीभ दोघींच्या वाटचं बोलून घ्यायची.

मग बातमी आली. जिल्ह्याची शब्दखेळाची स्पर्धा पुसदला होणार होती आणि शाळेतून एकालाच जायचं होतं. खेळून खेळून दोघं उरले, अर्पिता आणि साकेत. अर्पिता नेरच्या पुढे कधी गेली नव्हती. घरी तिने फक्त मामांना सांगितलं होतं. मामांनी तिच्यासाठी नवी बॅग आणून ठेवली होती.

साकेत हुशार आहे, हे माझ्या शत्रूबद्दलही मी सांगितलं पाहिजे. वडील सरकारी कार्यालयात, घरात पुस्तकांचं कपाट. वक्तृत्वात पहिला, निबंधात पहिला. हरण्याची त्याला सवयच नव्हती. शुक्रवारी मधल्या सुट्टीत तो सरावाला बसला आणि अर्पिताकडून लागोपाठ तीनदा हरला. तिसऱ्यांदा मीच मधे बसलो होतो.

"काय रे साकेत," वैष्णवी म्हणाली, "पुसदले जाऊन राह्यला का नुसता बस पाहाले चालला?"

सगळे हसले. अर्पिताही जराशी हसली. तेवढ्यात घंटा झाली. सगळ्यांनी भराभर आम्हाला गोळा केलं, आणि एका हाताने मला डब्यात न टाकता शर्टच्या खिशात टाकलं.

मला वाटलं, चुकून झालं असेल. घरी त्याच्या आईने, कुंदाताईंनी, धुवायला शर्ट घेतला तेव्हा मी टणकन फरशीवर पडलो.

"साकेत, हे काय आहे? कोणाचं?"

"शाळेतलं आहे. सापडलं मला. सोमवारी देईन."

सोमवारी! स्पर्धकाची निवड शनिवारी होती. तेव्हा मला कळलं. अर्पिताचा हात सवयीने आधी माझ्याकडे जातो, हे त्याने हेरलं होतं. ती उद्या 'र' मागणार, वैष्णवी डब्यात शोधणार, आणि नियमाप्रमाणे डाव जाणार. नंतर मी कुठल्या तरी बाकाखाली सापडणार आणि सगळे म्हणणार, अरेरे, पडला होता वाटतं.

माझ्याच जिवावर तिला हरवायचं! सागाचं लाकूड सहसा वाकत नाही, पण त्या दिवशी मी रागाने आतून पीळ खाल्ला. मला पाय असते तर मी खिडकीतून उडी टाकली असती. दात असते तर त्याचं बोट तोडलं असतं. काहीच नव्हतं. मग मी ठरवलं की निदान त्याच्या अंगाला टोचत तरी राहायचं. शनिवारी सकाळी त्याने मला नव्या शर्टच्या खिशात घातलं तेव्हा मी माझा कोपरा त्याच्या छातीकडे धरला.

वर्गात टेबलाभोवती मुलं दाटली. वैष्णवी मांडीवर बंद डबा घेऊन बसली. पहिलं कोडं साकेतचं होतं. 'जतन'पासून 'भवन'. 'र' न घेताही सुटणारं, कारण तिला सुटलं नाही तर त्यालाच मांडून दाखवायचं होतं.

मी जीव मुठीत धरून ऐकत होतो. मागू नकोस, अर्पिता. आज मला मागू नकोस.

तिने आधी पाटीवरच्या शेवटच्या शब्दाकडे पाहिलं. साकेतचं काळीज माझ्या पाठीवर धडधडत होतं.

"व," ती हळूच म्हणाली. वतन. "ज." वजन. "भ." भजन. "व." भवन.

माझं नाव तिच्या ओठांवर आलंच नाही. साकेतचा बेत फसला. मला मात्र थोडं लागलं. तिला माझी गरजच पडली नाही.

मग तिची पाळी आली. तिने टेबलावर 'चमक' मांडलं आणि पाटीवर लिहिलं, 'वळण'.

दोन्हीकडे मी नव्हतो. पण मी हसलो. चमकहून चरक, चरकहून चरण, चरणहून वरण, वरणहून वळण. सगळी वाट माझ्याच अंगावरून जात होती. साकेत हुशार होता, म्हणून त्यालाही ती दिसली. दिसली त्या क्षणी त्याची छाती गार पडली, ते मला कापडातून कळलं.

'र' मागितला तर डाव जाणार. न मागता वाट नाही. भिंतीवरचं घड्याळ पुढे सरकत होतं.

"बोल न बे," वैष्णवी म्हणाली. "डबा धरून माया मांडीले मुंग्या येऊन राह्यल्या."

साकेत खाकरला. "सर, हे कोडंच चूक आहे. तिलासुद्धा मांडून दाखवता येणार नाही. म्हणजे ती हरली."

"काहून?" राठोड सरांनी विचारलं.

"मधे 'र' लागतो, सर. आणि 'र' तर डब्यात नाहीच."

सरांनी चष्मा काढला.

"डबा तर सकाळपासून बंद हाये, बाप्पा. वैष्णवीनं उघडून मले दाखवला नाही, तुले दाखवला नाही. तुले कसं ठाऊक?"

साकेतचा हात उठला आणि खिशावर आला. त्याने तो आणला नव्हता, आपोआप आला. मला त्याच्या तळव्याचा घाम लागला. मी खिशात सरळ उभा राहिलो, कापडातून माझा आकार दिसावा म्हणून.

"डबा उघड, वैष्णवी," अर्पिता म्हणाली. एवढ्या स्पष्ट आवाजात तिला बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

वैष्णवीने झाकण काढलं, हात घातला आणि एक ठोकळा टेबलावर ठेवला. 'र'.

सरांनी साकेतच्या खिशातून मला काढून त्या ठोकळ्याच्या शेजारी ठेवलं, तेव्हा मी तो पाहिला. कडुनिंबाच्या फांदीचा, वाकडातिकडा कापलेला. अक्षर हलत्या हाताने डागलेलं. अर्पिताच्या उजव्या अंगठ्यावर टपोरा फोड आला होता. काल संध्याकाळी खाटेवर बत्तीस भरले, तेव्हा ती कुणापाशी रडली नव्हती, सरांकडेही गेली नव्हती. कुणी घेतलं हे तिने ओळखलं होतं. तिने गुपचूप खिळा तापवला होता आणि माझ्यावरून जाणारं कोडं शोधून काढलं होतं.

तिने नव्या 'र'ने सगळी वाट मांडून दाखवली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. साकेत खाली मान घालून उभा होता आणि त्याचे कान लाल झाले होते. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत गोड क्षण. खोटं कशाला बोलू?

सरांनी मला अर्पिताच्या हातावर ठेवलं. "घे, तुयं अक्षर."

तिने मला अंगठ्याने पुसलं. मला वाटलं, आता डबा, आता माझे बत्तीस सोबती. पण ती साकेतजवळ गेली आणि मला त्याच्या बाकावर ठेवलं.

"तुझ्याजवळच ठेव," ती म्हणाली. "आम्ही एकेकच अक्षर ठेवतो."

एवढंच बोलून ती जागेवर जाऊन बसली.

त्या क्षणी मला तिचाही राग आला. मी टोचत राहिलो, घाम सोसला, तो कुणासाठी? आणि माझ्या जागी तो कडुनिंबाचा पोरगा! पण मी आयुष्यभर दुसऱ्यांना उठवून त्यांच्या जागी बसत आलो. तेव्हा त्यांना काय वाटत असेल, हे मी कधी विचारलं नव्हतं.

अर्पिता पुसदला जाऊन आली. तिसरी आली, असं मी वर्गात ऐकलं. नव्या 'र'ने काम चोख केलं म्हणतात.

मी आता साकेतच्या कंपासमध्ये असतो, कर्कटक आणि खोडरबर यांच्या मधे. एकदा त्याने मला नालीत टाकायला हात उचलला होता. टाकता आलं नाही. मित्रांसमोर तो कंपास पुरता उघडत नाही, फटीतून बोटं घालून पेन्सिल काढतो.

वाचकहो, माझ्यासाठी वाईट वाटून घेऊ नका आणि मला घरी न्या असंही म्हणू नका. अर्पिताने मला काम दिलं आहे आणि मी ते करतो. रोज सकाळी निघण्याआधी साकेत मला पालथं घालतो, अक्षर खाली, कोरी पाठ वर. मग दप्तर पाठीवर, सायकल रस्त्यावर. नेरच्या रस्त्याला खड्डे पुष्कळ आहेत. शाळेत पोचून तो कंपास उघडतो, तेव्हा मी सुलटा झालेला असतो.